सस्कॅचेवानच्या खेड्यातला स्वस्त प्लॉट: किंमत नेमकी कशाची?

कॅनडातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून एक जाहिरात फिरत असते. सस्कॅचेवान प्रांतातलं कधी न ऐकलेलं खेडं, ५० बाय १२० फुटांचा रिकामा प्लॉट, म्हणजे आपल्या हिशेबात साडेपाच गुंठे, आणि किंमत दोन-तीन हजार डॉलर. टोरांटोत एवढ्यात महिन्याचं घरभाडं जेमतेम भागतं. पुण्याच्या आसपासचे एनए प्लॉटचे भाव ज्याच्या डोक्यात आहेत त्याला वाटणारच, की यात काहीतरी काळंबेरं आहे. बहुतेक वेळा तसं काही नसतं. प्लॉट खरा असतो, मालक खरा असतो, अनेकदा तर विकणारं खुद्द गावच असतं.

अडचण वेगळीच आहे. जमिनीची जी पारख आपण घरून घेऊन आलेलो असतो ती इथे फारशी चालत नाही. आपल्याकडे जमीन कमी आणि माणसं उदंड, त्यामुळे "जमीन घेऊन ठेव, भाव वाढणारच" हे वाक्य आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ. प्रेअरीवर, म्हणजे कॅनडाच्या या गवताळ सपाटीवर, जमीन उदंड आणि माणसं कमी. तिथे रिकाम्या तुकड्याला स्वतःची अशी किंमत फार थोडी. जी काही असते ती त्याच्यापर्यंत आलेल्या नळाची, समोरच्या रस्त्याची आणि ते गाव अजून वीस वर्षं टिकेल या शक्यतेची. म्हणून प्लॉट बघायच्या आधी गाव बघायचं. कसं, ते सांगतो.

इतकी गावं आली कुठून

१८७२ च्या कायद्याने कॅनडा सरकारने प्रेअरीवर वस्ती करायला येणाऱ्याला १० डॉलर फी घेऊन १६० एकर जमीन देऊ केली. अट अशी की तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, काही जमीन लागवडीखाली आणायची. (ही 'मोकळी' जमीन मोकळी नव्हती. क्री, सोटो, नकोडा आणि मेटी या मूळ रहिवाशांचा तो मुलूख; सरकारने मूळ रहिवाशांशी केलेले १८७४ चा चौथा आणि १८७६ चा सहावा करार याच पट्ट्यातले.) मागोमाग रेल्वेचे फाटे आले. घोडागाडीत गहू भरून निघालेला शेतकरी दिवसभरात स्टेशन गाठून परतला पाहिजे, या हिशेबाने दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक स्टेशन, धान्य साठवायचं एक उंच लाकडी एलिव्हेटर आणि एक गाव. माणसं येण्याआधीच नकाशावर प्लॉट पडले होते, नावंही ठरली होती. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने तर नावं ठेवायला सरळ एबीसीडीच घेतली. सॅस्कटूनकडे येताना त्या रुळांवर वॉट्रस, झीना (स्पेलिंग एक्सने), यंग, झेल्मा लागतात. मग झेड संपला म्हणून पुन्हा एपासून ॲलन, ब्रॅडवेल, क्लॅव्हेट.

प्रांताची लोकसंख्या १९०१ साली ९१ हजार होती, १९११ मध्ये ४ लाख ९२ हजार झाली आणि १९३१ मध्ये ९ लाख २१ हजार. पुढच्या नव्वद वर्षांत, २०२१ च्या जनगणनेपर्यंत, ती पोचली फक्त ११ लाख ३२ हजारांवर, आणि त्यातली मोठी संख्या सॅस्कटून आणि रेजायना या दोन शहरांत. घोडे गेले, ट्रक आले, शेतं हजारो एकरांची झाली. १८९७ पासून चालत आलेली धान्यवाहतुकीची भाडेसवलत १९९५ मध्ये संपली, तोट्यातले फाटे उखडले गेले, एलिव्हेटर पाडले गेले. गावं मात्र कागदावर राहिली. शंभर-सव्वाशे वस्तीच्या गावालाही तिथे स्वतःची नगरपरिषद, महापौर, पाणीयोजना आणि कर असतो. आज विकायला येणाऱ्या प्लॉटचा इतिहास बहुतेक एकच: घर होतं, म्हातारा-म्हातारी गेली, मुलं कॅल्गरीला, कर थकला, घर पडलं किंवा पाडलं.

पत्ता वाचायला शिका

जुन्या गावठाणातला प्लॉट 'लॉट अमुक, ब्लॉक तमुक, प्लॅन क्रमांक' असा लिहिलेला असतो. रेल्वेने पाडलेले बरेच लॉट २५ फुटी आहेत, त्यामुळे ५० फुटांचा दिसणारा प्लॉट कागदावर दोन लॉट असू शकतो, आणि त्यांची टायटलंही, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीही, दोन. एकाचंच टायटल घेतलं आणि उरलेले २५ फूट दुसऱ्याच्या नावावर राहिले, तर तुमच्याकडे घर न बसणारी चिंधी उरते.

गावाबाहेरच्या जमिनीचा पत्ता म्हणजे गणित आहे. 'एनडब्ल्यू १४-२२-७ डब्ल्यू ३' हे शेवटाकडून वाचायचं: तिसऱ्या मध्यान्ह रेषेच्या, म्हणजे १०६ अंश रेखांशाच्या पश्चिमेला सातवा रकाना, अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे बावीसावी टाउनशिप, तिच्यातला चौदावा सेक्शन आणि त्याचा वायव्येचा चतकोर. टाउनशिप सहा मैल बाय सहा मैल, तिच्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकर, चतकोर १६० एकर. क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन एका ओळीत पश्चिमेकडे, पुढच्या ओळीत पूर्वेकडे, असे वळणं घेत वर जातात. ही घडी एकदा बसली की घरबसल्या नकाशावर कुठलाही चतकोर शोधता येतो. विकणारा 'गावाला लागून' म्हणतो तेव्हा ते लागून दोनशे मीटर आहे की नऊ मैल, हे तपासायला दोन मिनिटं पुरतात.

टायटल म्हणजे सातबारा नव्हे

आपल्याकडचा सातबारा हा महसुली उतारा आहे. मालकीचा तो पक्का पुरावा नाही, म्हणून तर जुने फेरफार काढा, तीस वर्षांचा शोध घ्या, पेपरात नोटीस द्या, हा सगळा उपद्व्याप. सस्कॅचेवानमध्ये टॉरेन्स पद्धत आहे: नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, आणि नोंदवहीच्या खरेपणाची हमी सरकारची. मागची साखळी तपासायची गरज राहत नाही. ही नोंदवही आयएससी नावाची कंपनी प्रांताच्या वतीने चालवते आणि थोडक्या डॉलरांत कुणालाही टायटल बघता येतं. स्टँप ड्युटी नाही. नाव चढवायची फीही फार नाही.

टायटलवर फक्त मालकाचं नाव बघून थांबू नका. खाली नोंदवलेले हक्क असतात: गहाण, कराचा बोजा, गॅस किंवा टेलिफोनच्या लाइनसाठी दिलेला हक्क. प्लॉटच्या मधोमध गॅसची लाइन गेली असेल तर तिच्यावर घर बांधता येणार नाही, आणि हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

आणि हो, जमीन घेतली म्हणजे जमिनीखालचंही मिळालं, असं नाही. खनिजांचं टायटल वेगळं असतं. १८८७ नंतर सरकारने वाटलेल्या जमिनींत खनिजं सरकारकडेच राहिली. त्याआधीची आणि रेल्वेची काही जमीन तेवढी वेगळी. वर सांगितलेल्या ॲलनजवळ पोटॅशची मोठी खाण आहे, पण तेवढ्यावरून ॲलनमधल्या प्लॉटवाल्याला पोटॅशची रॉयल्टी येत नाही.

कर: खरी किंमत इथे आहे

हा भाग सावकाश वाचा, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. प्रांतातल्या मालमत्तांचं मूल्यांकन सामा ही संस्था दर चार वर्षांनी करते. मागचं २०२५ मध्ये झालं. निवासी मालमत्तेच्या मूल्यांकनाच्या ८० टक्के रकमेवर गावाने ठरवलेला दर लागतो, शिवाय प्रांताचा शिक्षणकर. एवढंच असतं तर दोन हजारांच्या प्लॉटला कर नावापुरता आला असता. पण गाव चालवायचा खर्च प्लॉटच्या किमतीवर ठरत नाही. बर्फ काढायचंच, दिवे लावायचेच, पाण्याचा पंप चालवायचाच. म्हणून गावं किमान कर किंवा सरसकट मूळ कर लावतात, आणि तो रिकाम्या प्लॉटलाही लागतो. काही ठिकाणी त्यावर पाणीयोजनेच्या सुधारणेची वेगळी पट्टी असते, नळ जोडलेला असो वा नसो.

समजा प्लॉट २,००० डॉलरचा आणि वर्षाचा किमान कर ७०० डॉलर. तीन वर्षं संपायच्या आत तुम्ही प्लॉटच्या किमतीइतका कर भरलेला असतो आणि जागेवर अजून गवतच असतं. दहा वर्षांत सात हजार. गवत कापायची जबाबदारीही मालकाचीच. तुम्ही टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला बसलात म्हणून गाव थांबत नाही, माणूस लावून कापून घेतं आणि बिल कराच्या खात्यात चढवतं. 'घेऊन ठेवायचा' प्लॉट असा दरवर्षी तुमच्याकडे हात पसरतो.

कर थकला तर काय, हेही समजून घ्या, कारण पुष्कळ प्लॉट याच वाटेने बाजारात आलेले असतात. ३१ डिसेंबरपर्यंत न भरलेला कर थकबाकी होतो. गाव थकबाकीदारांची यादी जाहीर करतं, मग टायटलवर बोजा चढवतं. त्यानंतर सहा महिने थांबून, नोटिसा देऊन, प्रांताच्या मध्यस्थी मंडळाची संमती घेऊन टायटल स्वतःच्या नावावर करून घेता येतं. असा प्लॉट गाव निविदा काढून विकतं. निविदेतली किंमत कमी दिसते कारण गावाला विक्रीच्या रकमेत रस कमी आणि दरवर्षी कर भरणाऱ्या माणसात जास्त. खरेदीआधी गावाच्या कार्यालयातून करदाखला मागायचा. एकही डॉलर बाकी असेल तर तो जमिनीसोबत तुमच्याकडे येतो.

नळ कुठे आहे?

'सर्व सोयी उपलब्ध' या तीन शब्दांचे प्रेअरीवर निदान तीन अर्थ होतात. एक, जोडणी प्लॉटच्या हद्दीपर्यंत आणून ठेवलेली आहे. दोन, मुख्य लाइन रस्त्याखाली आहे, पण तिथून प्लॉटपर्यंत काही नाही. तीन, सोयी गावात आहेत, म्हणजे शेजारच्या गल्लीत.

ओळखायचं कसं? रस्त्याच्या बाजूला, हद्दीजवळच्या गवतात, मुठीएवढं लोखंडी झाकण शोधा. त्याला कर्ब स्टॉप म्हणतात. त्याच्याखाली उभा पाइप आणि तळाशी पाण्याची चावी. गावचा माणूस लांब दांड्याने ती वरून फिरवतो. झाकण दिसलं तर निम्मी लढाई जिंकली, पण निम्मीच. जुनं घर पाडताना जोडणी कुठे तोडली हे विचारायला हवं. हद्दीवर बंद केली असेल तर ठीक. मुख्य लाइनपाशीच कापून टाकली असेल तर झाकण नुसतं शोभेचं. शिवाय साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा पाइप असेल तर तो वापरू देतील की नाही, हा पुढचा प्रश्न.

नवी जोडणी महाग का, तर थंडीमुळे. तिथल्या हिवाळ्यात जमीन सहा-सात फुटांपर्यंत गोठते, म्हणून पाण्याच्या लाइन आठ-दहा फूट खोल असतात. म्हणजे मोठं खोदकाम, रस्ता फोडणं, पुन्हा भरणं, आणि यंत्र घेऊन येणारा ठेकेदार शंभर किलोमीटरवरून. हे बिल प्लॉटच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतं आणि ते भरायचं तुम्ही.

सांडपाण्याची तऱ्हा गावोगाव निराळी. कुठे उताराने वाहणारी गटारलाइन थेट गावाबाहेरच्या उघड्या तळ्यापर्यंत, ज्याला तिथे लगून म्हणतात. कुठे प्रत्येक घराला टाकी आणि पंप. कुठे नुसती टाकी, दर काही आठवड्यांनी टँकरने उपसायची. पिण्याच्या पाण्याबद्दल एक वेगळा प्रश्न विचारा: गावात 'पाणी उकळून प्या' ची सूचना लागू आहे का? छोट्या गावांत ती वर्षानुवर्षं लागू असलेलीही सापडते, आणि ती असेल तर समजायचं की पाणीयोजनेवर मोठा खर्च यायचा आहे. तो खर्च शंभर घरांत वाटला जाईल, त्यातलं एक तुमचं.

वीज सास्कपॉवरची, गॅस सास्कएनर्जीची. दोन्ही प्रांत सरकारच्या कंपन्या. नव्या जोडणीचा खर्च त्यांना लेखी विचारावा. बहुतेक गावांत खांब मागच्या बोळात असतात, त्यामुळे विजेचं एवढं अवघड जात नाही.

मातीचा गुण

रेजायनाच्या आसपासची सपाट जमीन म्हणजे हिमयुगातल्या तळ्याचा तळ. तिथली भारी चिकणमाती अगदी विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी वागते: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. जळगाव-अकोल्याकडे घरांच्या भिंतींना तडे का जातात हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की इथे घरं तळघरावर उभी असतात, त्यामुळे दाब भिंतीवर आडवाही येतो. म्हणून बरेच लोक खोल पाइल, म्हणजे जमिनीत रोवलेले पायाचे खांब, घालतात. सगळ्या प्रांतात अशीच माती नाही, पण आपल्या प्लॉटखाली कोणती आहे ते बांधायच्या आधी कळलेलं बरं.

रिकाम्या प्लॉटच्या पोटात काय पुरलंय, हा दुसरा मुद्दा. जुनं घर पाडून त्याचा राडारोडा त्याच्याच तळघराच्या खड्ड्यात लोटून वर माती पसरायची, ही तिथली जुनी रीत. अशा भरावावर पाया बसत नाही, सगळं उपसावं लागतं. मुख्य रस्त्यावरचा मोक्याचा कोपरा वर्षानुवर्षं रिकामा असेल तर तिथे पूर्वी पेट्रोल पंप होता का, विचारा. रुळांलगतच्या जागांबाबत तेलाच्या डेपोंचंही तेच. जमिनीत मुरलेलं डिझेल काढायचा खर्च ऐकून प्लॉट फुकट मिळाला तरी नको होतो. हे कागदावर सापडेलच असं नाही. गावातल्या कॉफीच्या टेबलावर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला मात्र नक्की ठाऊक असतं.

बघायला जायचं तर एप्रिलमध्ये, बर्फ वितळताना. जुलैत सगळे प्लॉट हिरवे आणि गोजिरे दिसतात. पाणी कुठे साचतं ते वितळणीतच कळतं.

बांधायची अट

काही गावं प्लॉट जवळजवळ फुकट देतात. मॅनिटोबातल्या पाइपस्टोन ग्रामीण पालिकेने १० डॉलरला प्लॉट दिले ते बरंच गाजलं होतं. अशा योजनेत ठरलेल्या मुदतीत घर बांधायची अट असते, नाहीतर अनामत जाते किंवा प्लॉट परत द्यावा लागतो. १८७२ चीच युक्ती, एकरांऐवजी फुटांत. प्रामाणिकपणे राहायला जाणाऱ्यासाठी ही योजना मला चांगली वाटते. काही गावं वर दोन-चार वर्षांची करमाफीही देतात. गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

घर कसलं चालेल हे गावाच्या झोनिंग नियमात असतं: किमान आकार, हद्दीपासून अंतर, ट्रेलरचं घर चालतं की नाही. उन्हाळ्यात कॅम्पर लावून राहू, नंतर बघू, हा बेत बहुतेक गावांत बसत नाही. तिथे खूप चालणारा पर्याय म्हणजे आरटीएम, म्हणजे कारखान्याच्या आवारात पूर्ण बांधून, अख्खंच्या अख्खं ट्रेलरवर चढवून हायवेने आणलेलं घर. स्थानिक सुतार-प्लंबरची वाट बघत बसावं लागत नाही. पण पाया, जोडण्या आणि वाहतूक यांचा खर्च त्यात धरलेला नसतो, हे कोटेशन वाचताना ध्यानात ठेवा.

कुणाला घेता येतो

गावाच्या हद्दीतला प्लॉट शेतजमीन धरला जात नाही, त्यामुळे स्टडी किंवा वर्क परमिटवरचा माणूसही तो घेऊ शकतो. परदेशी लोकांच्या घरखरेदीवर केंद्र सरकारने २०२३ पासून घातलेली बंदी, जी १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे, ती मोठ्या आणि मध्यम शहरी क्षेत्रांपुरती आहे आणि मार्च २०२३ मध्ये रिकाम्या जमिनीला त्यातून वगळलं गेलं. शेतजमिनीचं वेगळं: नागरिक आणि कायम रहिवासी यांना मोकळीक, बाकीच्यांना एकूण १० एकरांची मर्यादा. गंमत अशी की भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा कायम रहिवासी झालेला माणूस सस्कॅचेवानमध्ये शंभर एकर गव्हाचं रान घेऊ शकतो, पण फेमाच्या, म्हणजे भारताच्या परकीय चलन कायद्याच्या, नियमामुळे साताऱ्यात विकत एक गुंठा शेतजमीन घेऊ शकत नाही. आणि जमीन घेतल्याने पीआरचे, म्हणजे कायम रहिवासी होण्याच्या अर्जातले, गुण वाढतात, असं कुणी एजंट सांगत असेल तर तिथूनच उठावं.

बँक काय म्हणते

बँका रिकाम्या प्लॉटवर कर्ज द्यायला नाखूश असतात. प्लॉट रोखीनेच घ्यावा लागेल असं धरून चाला. मोठी अडचण घराच्या वेळी येते. तीन लाख डॉलर घालून नवं घर बांधलं आणि त्याच गल्लीतली जुनी घरं ऐंशी हजाराला विकली जात असतील, तर बँकेचा मूल्यांकन करणारा तुमच्या घराला तीन लाख लावत नाही. फरक खिशातून घालावा लागतो, आणि विकायची वेळ आली तर तो परत येत नाही. घर विम्याचा हप्तासुद्धा जवळ अग्निशमनाचा नळ आहे का आणि गावचं स्वयंसेवी अग्निशमन दल किती लांब आहे, यावर हलतो.

एवढं सगळं विचारायचं कुणाला? गावाच्या प्रशासकाला. हा किंवा ही आपल्या ग्रामसेवकासारखी: एकच माणूस, अनेकदा दोन गावं सांभाळणारा, आठवड्यात दोन-तीन दिवस कार्यालयात. फोन केला की सहसा नीट बोलतात. किमान कर किती, जोडणी कुठपर्यंत, निविदेच्या अटी काय, हे तर विचाराच. त्यापुढे जाऊन विचारा: शाळा गावात आहे की बसने जावं लागतं, आणि किती किलोमीटर? को-ऑप दुकान चालू आहे? परिषदेच्या सभेत गाव विसर्जित करून आजूबाजूच्या ग्रामीण पालिकेत सामील व्हायचा विषय निघालाय का? सस्कॅचेवानमध्ये अशी गावं अधूनमधून विसर्जित होत असतात. तुमची मालकी त्याने जात नाही, पण कर कोण ठरवणार आणि दिवे-पाणी कोण बघणार हे बदलतं. आणि शेवटचा प्रश्न, ज्याच्या उत्तराला मी सगळ्यात जास्त वजन देतो: गेल्या पाच वर्षांत गावात नवीन घरांचे परवाने किती दिले?